लाल पेटीचा हिशेब

बँकेच्या नोकरीत छत्तीस वर्षे काढल्यावर माणसाला एक खोड जडते. कोणत्याही दुकानात वा कारखान्यात पाऊल टाकले की माल कुठे ठेवला आहे, किती आहे आणि त्यातला खपणारा किती आहे, याकडे त्याची नजर आधी जाते. माझ्या सेवाकाळातील जवळजवळ आठ वर्षे भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यातील एका शाखेत गेली. कॅश क्रेडिटच्या खातेदारांनी दरमहा दिलेली साठापत्रके हाती घेऊन कारखान्यात जायचे, कच्चा माल, अर्धवट माल आणि तयार माल पाहायचा आणि त्यावरून ड्रॉइंग पॉवर ठरवायची, हे आमचे नित्याचे काम होते.

मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्यात मला एक लाल रंगाची, कुलूप लावलेली पेटी दिसे. आरंभी मी तीतील नगही तयार मालात धरले. तेव्हा एका अनुभवी मालकाने हसून मला थांबवले. ते म्हणाले, ‘‘साहेब, हा माल नाही. ही आमची चूक आहे. तिची किंमत धरू नका.’’ वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर विद्यार्थी असूनही, चुकीसाठी कारखान्यात राखीव जागा असते, तिला कुलूप असते आणि तिची वेगळी वही असते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

आपल्या समाजातील पुष्कळ घराणी पिढ्यानपिढ्या व्यापारात आहेत. कापड, धान्य, सोने-चांदी, लोखंड-हार्डवेअर ही आपली परिचित क्षेत्रे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यांतील काही घरांतली मुले अभियंता होऊन कारखानदारीत उतरली. अशा घरांतून मला अजूनही हमखास विचारले जाते, ‘‘मोटार कंपन्या पुरवठादाराकडे जे गुणवत्तेचे प्रमाणपत्र मागतात, ते नेमके काय असते? त्यापायी एवढा खर्च करावा का?’’ त्या प्रश्नाचे उत्तर मला जसे उमगले तसे येथे मांडतो. मी तंत्रज्ञ नाही. खातेवहीच्या बाजूने जे दिसले, तेवढेच सांगणार आहे.

एका आकड्याची गोष्ट

प्रथम हा सारा खटाटोप का, ते पाहू. शंभरात नव्व्याण्णव नग चांगले निघाले तर व्यापारी समाधान मानतो. मोटारीच्या धंद्यात हे प्रमाण दिवाळखोरीचे ठरते. एखाद्या वाहनात एक हजार भाग आहेत असे धरू. प्रत्यक्षात ते याहून कितीतरी अधिक असतात. प्रत्येक भाग हजारात नऊशे नव्व्याण्णव वेळा निर्दोष निघतो, असेही मानू. तर सर्वच्या सर्व भाग निर्दोष असलेली वाहने शंभरात किती निघतील? चक्रवाढ व्याजाचे गणित उलट बाजूने केले की उत्तर येते, सुमारे सदतीस. उरलेल्या त्रेसष्ट वाहनांत कुठे ना कुठे एक तरी दोष राहणार.

म्हणून या धंद्यात दोषांची गणती शेकड्यावर होत नाही, दहा लाखांवर होते. दहा लाख नगांमागे किती सदोष, या मापाला ‘पीपीएम’ म्हणतात. शेकडा एक दोष म्हणजे दहा हजार पीपीएम. मोठा ग्राहक पुरवठादाराकडून दोन अंकी, एक अंकी आणि काही भागांसाठी शून्य पीपीएमची अपेक्षा ठेवतो. इतकी शुद्धता शेवटी उभे राहून नग निवडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून येत नाही. डोळा थकतो. दोष निर्माणच होऊ नये अशी रीत कारखान्यात बसवावी लागते. त्या रीतीच्या लेखी नियमांना गुणवत्ता व्यवस्थापनाचे मानक म्हणतात.

तपासनिसाकडून रीतीकडे

या विचाराचा उगम शंभर वर्षांपूर्वीचा आहे. १९२४ साली अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली. कोणत्याही कामात थोडीफार कमी-जास्त तफावत स्वाभाविक असते. ती कोणत्या मर्यादेपर्यंत स्वाभाविक आणि कोठून पुढे काहीतरी बिघडल्याची खूण, हे या आलेखावरून कळते. त्यांच्या विचाराचा प्रसार करणाऱ्या एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० साली जपानमध्ये व्याख्याने दिली. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या त्या देशाने ती इतकी मनावर घेतली की पुढच्याच वर्षी, १९५१ पासून, त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू झाले. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच काम थांबवण्याचा अधिकार साध्या कामगाराला मिळाला. शिगेओ शिंगो यांनी ‘पोका-योके’ ही युक्ती रूढ केली, म्हणजे चुकीच्या बाजूने भाग बसवूच न देणारी रचना.

आपल्याकडे १९८३च्या डिसेंबरात मारुतीची पहिली मोटार ग्राहकाच्या हाती गेली आणि जपानी पद्धतीची अपेक्षा हळूहळू भारतीय पुरवठादारांपर्यंत पोहोचली. १९९८ साली चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाने डेमिंग पारितोषिक मिळवले, तेव्हा हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय कंपनी ठरली. २००३ साली महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागालाही तो मिळाला.

लेखी मानकांचा प्रवास समांतर चालू होता. १९८७ साली आयएसओ ९००० ही मानकांची मालिका प्रसिद्ध झाली. ती सर्व उद्योगांसाठी असल्यामुळे मोटार कंपन्यांना अपुरी वाटे. फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायसलर या तिघींची पुरवठादारांसाठी तीन स्वतंत्र नियमपुस्तके होती. १९९४ साली त्यांनी ती एकत्र करून क्यूएस-९००० हे मानक आणले. जर्मनीचे व्हीडीए ६.१, फ्रान्सचे ईएक्यूएफ आणि इटलीचे एव्हीएसक्यू ही मानके निराळीच होती. म्हणजे चार देशांना माल देणाऱ्या कारखानदाराला एकाच कामाच्या चार परीक्षा द्याव्या लागत. ही अडचण ओळखून मोटार कंपन्या आणि त्यांच्या राष्ट्रीय संघटना ‘आंतरराष्ट्रीय ऑटोमोटिव्ह टास्क फोर्स’ या नावाने एकत्र आल्या. १९९९ मध्ये आयएसओ/टीएस १६९४९ हे सामाईक मानक निघाले. २००२ आणि २००९ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये आजचे आयएटीएफ १६९४९ प्रसिद्ध झाले. ते एकट्याने वाचायचे नसते. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीसह वाचावे लागते.

व्यापाऱ्याच्या भाषेत पाच साधने

या मानकाभोवती पाच साधने उभी आहेत. त्यांची इंग्रजी आद्याक्षरे ऐकून नवखा माणूस गांगरतो. त्यांचा आशय मात्र आपल्या पेढीवरच्या शहाणपणापासून फार दूर नाही.

पहिले साधन एपीक्यूपी. नवा भाग हाती घेण्यापूर्वी कोणते यंत्र, कोणता साचा, कोणते माप, कोण जबाबदार, कोणत्या तारखेपर्यंत, याचे आगाऊ नियोजन. घरात लग्न निघाले की जाणती मंडळी यादी करून बसतात, तसेच हे.

दुसरे एफएमईए. काम सुरू होण्याआधीच सर्वांनी एकत्र बसून विचारायचे, ‘येथे काय काय बिघडू शकते?’ प्रत्येक संभाव्य दोषाला तीन गुण द्यायचे. परिणाम किती गंभीर, घडण्याची शक्यता किती आणि वेळीच सापडण्याची शक्यता किती कमी. प्रत्येक गुण एक ते दहा. पूर्वी या तिन्हींचा गुणाकार करून प्राधान्य ठरवीत. २०१९ साली अमेरिकन आणि जर्मन संघटनांनी संयुक्त पुस्तिका काढून गुणाकाराऐवजी गांभीर्याला अधिक वजन देणारी पद्धत आणली. कर्ज देताना आम्हीही हेच करीत असू. कर्जदार सज्जन आहे हे मान्य करूनही, तो आजारी पडला तर, त्याचा मोठा ग्राहक बुडाला तर, असे अभद्र प्रश्न विचारणे हे बँकेच्या अधिकाऱ्याचे कर्तव्यच असते.

तिसरे पीपीएपी, ज्याला कारखान्यात सर्रास ‘पीपॅप’ म्हणतात. प्रत्यक्ष उत्पादनाच्याच यंत्रांवर, नेहमीच्याच वेगाने, साधारणपणे सलग किमान तीनशे नग काढून त्यांची मापे आणि अठरा प्रकारची कागदपत्रे ग्राहकाला सादर करायची. त्याची लेखी मंजुरी मिळाल्याविना माल पाठवायचा नाही. नमुना एक आणि माल दुसरा, या बाजारातील जुन्या रोगावर हे औषध आहे.

चौथे एसपीसी, म्हणजे शूहार्ट यांच्या आलेखाचा रोजचा वापर. आणि पाचवे एमएसए. मला सर्वांत मोलाचे वाटले ते हेच. यात ज्या साधनाने मोजतो त्या साधनाचीच परीक्षा घ्यायची असते. तोच नग दोघांनी दोनदा मोजला तर उत्तर तेच येते का? मोजणाऱ्यामुळे आणि उपकरणामुळे येणारा फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. तीस टक्क्यांच्या पुढे गेला तर ते माप निरुपयोगी. तराजू खरा आहे की नाही हे पाहिल्यावाचून तोललेल्या मालाची चर्चा व्यर्थ, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरीही याच जागी एक मोठी चूक घडताना मी पाहिली आहे.

चोपन्न हजारांचा माल

२००७ सालची ही घटना. नावे देत नाही. लोखंडाच्या व्यापारातील एक जुने घराणे. वडील पेढी सांभाळीत आणि थोरल्या मुलाने भोसरीत टर्निंगच्या यंत्रांचा लहानसा कारखाना काढला होता. चाकण भागातील एका जोडणी-कारखान्याला ते ब्रेकच्या पायदांडीच्या सांध्यातील पिना पुरवीत. पीन अंगठ्याएवढी, किंमत नऊ रुपये. तिला बाहेरच्या भट्टीतून हीट ट्रीटमेंट करून आणीत आणि कठिणता आपल्या यंत्रावर तपासून पाठवीत.

मी मासिक तपासणीला गेलो त्या सकाळी कार्यालयात ताण जाणवला. तपासणी विभागातल्या डिप्लोमा झालेल्या मुलीने कठिणता-मापकावर प्रमाणित ठोकळा ठेवून पाहिला होता. ठोकळ्यावर कोरलेल्या आकड्यापेक्षा यंत्र पाच अंक कमी दाखवीत होते. म्हणजे आदल्या दोन दिवसांत मर्यादेत आहेत म्हणून पाठवलेल्या सहा हजार पिना प्रत्यक्षात मर्यादेबाहेर होत्या. ठरल्यापेक्षा अधिक कठीण.

वडील म्हणाले, ‘‘अरे, कडकच आहेत ना? नरम असत्या तर बोलणे वेगळे. कडक माल दिला म्हणून कोणी भांडते का?’’

मुलगा म्हणाला, ‘‘पप्पा, जास्त कडक म्हणजे ठिसूळ. ब्रेकवर एकदम पाय मारला तर पीन तुटू शकते.’’

‘‘तिकडून तक्रार आली आहे का?’’

‘‘अजून नाही.’’

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. ‘‘साहेब, तुम्ही जाणते आहात. तुम्हीच सांगा याला.’’

माझ्या त्या दिवशीच्या उत्तराची मला आजही लाज वाटते. त्यांचे खाते मर्यादेच्या काठावर होते. ग्राहकाने माल परत केला तर येणे कमी होणार, ड्रॉइंग पॉवर घसरणार, खाते अनियमित होणार आणि विभागीय कार्यालयाकडून मला पत्र येणार, एवढी साखळी माझ्या डोक्यात क्षणात उभी राहिली. मी म्हणालो, ‘‘दोन दिवस थांबून पाहा. घाईने काही कळवू नका.’’

मुलगा काही बोलला नाही. तो उठून बाहेर गेला आणि त्याने तेथूनच चाकणला फोन लावला. मानकातील नियम त्याला ठाऊक होता. सदोष माल गेला आहे असे कळताच ग्राहकाला तत्काळ कळवले पाहिजे; त्यात तक्रारीची वाट पाहण्याची तरतूद नाही. दुसरा नियमही होता. गुणवत्तेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला माल रोखण्याचा आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे. त्या मुलीने कोणाला न विचारता सकाळीच गाडीत चढलेली चौथी खेप उतरवून घेतली होती. तिला कोणी रागावले नाही, याचे श्रेय वडिलांनाही दिले पाहिजे.

सुदैवाने वाहने अद्याप ग्राहकांच्या हाती गेली नव्हती. तरी सुमारे चौदाशे पायदांड्या जोडून झाल्या होत्या. त्या सुट्या करून पिना बदलाव्या लागल्या. मुलगा आपली सहा माणसे घेऊन चाकणला तीन रात्री बसला. चोपन्न हजार रुपयांच्या मालापोटी पावणेचार लाखांची डेबिट नोट आली. पुढे तीन महिने त्यांचा प्रत्येक नग दुहेरी तपासणीनंतरच स्वीकारला गेला आणि चर्चेत असलेला एक नवा भाग दुसऱ्या पुरवठादाराकडे गेला. प्रामाणिकपणाचे फळ लगेच गोड लागते, असे मी सांगणार नाही. तीन महिने ते घर फार ओढग्रस्तीत होते.

पाचवा ‘का’

अशा प्रसंगी पुरवठादाराला आठ पायऱ्यांचा लेखी अहवाल द्यावा लागतो. त्यात ‘का’ हा प्रश्न पुन:पुन्हा विचारून मुळाशी जायचे असते. काही आठवड्यांनी तो अहवाल मुलाने मला वाचायला दिला.

पिना ठिसूळ का झाल्या? भट्टीवाल्याने टेंपरिंग पुरेसे केले नाही. त्या येथे सापडल्या का नाहीत? मापक चुकीचा आकडा दाखवीत होता. तो चुकला हे आधी का कळले नाही? त्याच्या प्रमाणीकरणाची तारीख उलटून गेली होती. ती का उलटली? प्रमाणीकरण करणारी संस्था मागील बिल थकल्यामुळे आली नव्हती. अहवालात चौथ्या ‘का’चे उत्तर मात्र ‘तारखांची नोंद ठेवण्याची व्यवस्था अपुरी’ असे सभ्यपणे लिहिले होते आणि तेथेच तो संपला होता.

मी विचारले, ‘‘आणि बिल का थकले?’’

तो जरा संकोचला. मग म्हणाला, ‘‘साहेब, मर्यादा पूर्ण भरली होती. वाढीव मर्यादेचा अर्ज दीड महिन्यापासून तुमच्या टेबलावर होता. ग्राहकाच्या अहवालात बँकेचे नाव कसे घालणार?’’

मी निरुत्तर झालो. ब्रेकच्या त्या ठिसूळ पिनेचे मूळ शोधीत गेले तर ते माझ्या टेबलावरच्या फायलीत निघाले. त्या आठवड्यात मी तो प्रस्ताव शिफारशीसह पुढे पाठवला. निवृत्त होईपर्यंत कोणत्याही लघुउद्योजकाचा अर्ज पंधरा दिवसांहून अधिक काळ माझ्याकडे राहू नये, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. ते मला मिळालेले प्रमाणपत्रच म्हणायचे.

प्रमाणपत्र आणि वर्तन

यावरून प्रमाणपत्र भिंतीवर लावले की सर्व सुरळीत होते, असा समज होऊ नये. जगातील मोठ्या कंपन्याही येथे घसरल्या आहेत.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही मोटारींत किल्ली फिरवण्याचा स्विच दुबळा होता. चालत्या गाडीत तो आपोआप घसरे, इंजिन बंद पडे आणि अपघात झाला तर एअरबॅग उघडत नसे. २००६ साली एका अभियंत्याने त्या स्विचच्या रचनेत सुधारणा मंजूर केली, परंतु भागाचा क्रमांक जुनाच ठेवला. त्यामुळे जुन्या गाड्यांत दोष दिसतो आणि नव्या गाड्यांत दिसत नाही, याचे कारण तपास करणाऱ्यांना अनेक वर्षे उमगेना. २०१४ साली कंपनीने सुमारे सव्वीस लाख मोटारी परत बोलावल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. पुढच्या वर्षी फौजदारी प्रकरण मिटवण्यासाठी कंपनीने नव्वद कोटी डॉलर मोजले. माल बदलला आणि चिठ्ठी तीच ठेवली, ही चूक आपल्या कोणत्याही गोदामात घडू शकते. म्हणूनच मानक म्हणते, प्रत्येक बदलाची नोंद हवी, त्याला मंजुरी हवी आणि नगावरून त्याचा लॉट, भट्टी व दिवस यांचा माग काढता आला पाहिजे.

दुसरे उदाहरण जपानच्या ताकाता कंपनीचे. १९३३ साली स्थापन झालेली ही कंपनी जगभरच्या मोटारींना एअरबॅग पुरवीत असे. तिच्या काही एअरबॅगमधील फुगवणारे उपकरण फुटून धातूचे तुकडे प्रवाशांनाच लागत. ग्राहकांकडे चाचणी-अहवाल रीतसर जात होते. आकडे मात्र बदललेले होते. २०१७ साली कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला, शंभर कोटी डॉलर देण्याचे मान्य केले आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे चौऱ्याऐंशी वर्षांची पत बनावट आकड्यांनी संपवली.

२०१६ च्या मानकात या दृष्टीने एक कलम आहे, ज्याची चर्चा तंत्रज्ञ फारशी करीत नाहीत. लाचखोरीविरुद्धचे धोरण, कर्मचाऱ्यांसाठी आचारसंहिता आणि गैरप्रकार दिसल्यास वरपर्यंत निर्भयपणे सांगता येण्याची व्यवस्था, या तीन गोष्टी पुरवठादाराने केल्याच पाहिजेत. मापे, आलेख आणि तक्ते यांच्या त्या पुस्तकात सचोटीला स्वतंत्र जागा द्यावी लागली. खरे सांगण्याची सोय नसेल तर बाकी सारे आकडे निरर्थक आहेत, हे ताकातासारखी प्रकरणे दाखवून देतात.

उतरू पाहणाऱ्यांसाठी चार शब्द

आपल्या घरांतून या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो.

हे प्रमाणपत्र वाहन-उद्योगाचे भाग प्रत्यक्ष बनवणाऱ्या जागेलाच मिळते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या पेढीला किंवा गोदामाला ते स्वतंत्रपणे मिळत नाही. वाहन कंपनीच्या नमुन्याबरहुकूम नसलेले, फक्त खुल्या बाजारासाठी बनवलेले सुटे भागही त्यात बसत नाहीत. तेव्हा ‘आम्ही मिळवून देतो’ असे सांगत येणाऱ्या मध्यस्थापासून व्यापाऱ्याने सावध राहावे. कारखाना असेल तरीही घाई उपयोगी नाही. मागील बारा महिन्यांचे कामगिरीचे आकडे आणि अंतर्गत तपासणीच्या नोंदी दाखवाव्या लागतात. प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते आणि मध्यंतरी पाहणी चालू राहते.

खर्चाचा अंदाज करताना केवळ प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची फी धरू नये. मोजमापाची उपकरणे, त्यांचे नियमित प्रमाणीकरण, माणसांचे प्रशिक्षण आणि कागदपत्रे जपण्याची जागा हे आवर्ती खर्च आहेत. आमच्या बँकेत व्हाउचर आठ वर्षे जपावे लागत. येथे भाग चालू असेपर्यंत, त्याची दुरुस्ती-सेवा संपेपर्यंत आणि त्यानंतर आणखी एक वर्ष त्याचे महत्त्वाचे दस्तऐवज जपायचे असतात. पैशाची चणचण आली की हे खर्च सर्वांत आधी कापले जातात, कारण त्यांच्यावाचून उद्या सकाळी यंत्र बंद पडत नाही. वर सांगितलेला प्रसंग अशाच एका थकलेल्या बिलातून उद्भवला. माझा सल्ला असा, की पगार आणि बँकेचे व्याज यांच्या ओळीतच उपकरणांच्या प्रमाणीकरणाचा खर्च धरावा.

वडीलधाऱ्यांनी कारखाना चालवणाऱ्या मुलाला एक मुभा द्यावी. वाईट बातमी सांगितल्याबद्दल त्याला बोल लावू नये. व्यापारात मालाचा दोष भाव कमी करून निभावता येतो. नरम-गरम माल घेणारे गिऱ्हाईक कोठे ना कोठे भेटते. ब्रेकच्या पिनेला असे गिऱ्हाईक नसते. तिच्या पलीकडे एखादे अनोळखी कुटुंब प्रवासाला निघालेले असते.

त्या घराण्याची ही हकिकत येथे लिहिण्यास त्यांची संमती आहे; वडील आता हयात नाहीत. त्यांच्या अखेरच्या वर्षांत ते रोज दुपारी कारखान्यात येऊन बसत आणि हिशेबाच्या वहीआधी लाल पेटीची वही मागत. किती नग पडले, कोणी टाकले, पुढे काय केले, एवढेच तीन प्रश्न विचारीत. एखाद्या महिन्यात पेटी अगदी रिकामी दिसली तर मात्र त्यांना चैन पडत नसे. ते मुलाला म्हणत, ‘‘एक तर माल फार चांगला निघाला, नाहीतर कोणीतरी सांगायला घाबरले. आधी दुसरे पाहून ये.’’